शेततळ्यातले मासे आजारी दिसले की: आधी पाणी, मग मासा, औषध सगळ्यात शेवटी

सकाळी सहाच्या आत फोन वाजला की बहुतेक वेळा विषय आधीच कळतो. "भाऊ, मासे वर आलेत. काय टाकू?" निफाड, पिंपळगाव, दिंडोरी पट्ट्यात आता बागेगणिक शेततळं आहे. द्राक्षाला उन्हाळ्यात पाणी मिळावं म्हणून खोदलेल्या, आतून प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या त्या तळ्यात रोहू, कटला, सायप्रिनस (कॉमन कार्प) यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायची आणि चार पैसे वरचे मिळवायचे, ही सवय आपल्याला लागून काही वर्षं झाली. पण आपण पडलो बागायतदार. पानावर डाग दिसला की हात फवारणीच्या पंपाकडे जातो. तोच हात तळ्याकडे वळला की मासे मरतात.

हे मी कुणाला नावं ठेवायला सांगत नाही. मासे सोडले त्याच पहिल्या वर्षी श्रावणात माझ्या तळ्यावर हिरवं शेवाळ दाटलं. बागेवरच्या बोर्डो फवारणीसाठी आणलेला मोरचूद घरात होता. पाण्यात विरघळवून बादलीने शिंपडून दिला. शेवाळ दोन दिवसांत तपकिरी पडलं आणि मी खूश झालो. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलेलं, पहाटे सगळे मासे तोंड वर काढून उभे. सात वाजेपर्यंत मोठे कटले उलटे तरंगायला लागले. येणारा जाणारा म्हणाला, रोग आला. रोग कसला, मीच होतो तो. मेलेलं शेवाळ कुजायला ऑक्सिजन लागतो, तो त्याने पाण्यातला ओढून घेतला. मोरचुदातल्या तांब्याने कल्ले पोळले ते वेगळंच. तेव्हापासून कुणी "काय टाकू" विचारलं की मी उलटं विचारतो, "गेल्या आठ दिवसांत तळ्यात काय काय पडलंय?"

पुढे जे लिहिलंय ते त्याच क्रमाने करा. मधली पायरी गाळू नका.

पहिली दहा मिनिटं बांधावर

खाद्य बंद. ही पहिली आणि एकमेव गोष्ट आहे जी न बघता करायला हरकत नाही. आजारी मासा खात नाही, न खाल्लेलं खाद्य तळाशी कुजतं. मोठ्या माशाला आठवडाभर उपाशी राहण्याने काही होत नाही.

मग उभं राहून बघा. वेळ काय आहे, मासे कुठे जमलेत, किती आहेत, कोणत्या जातीचे आणि कोणत्या आकाराचे आहेत, हे सगळं वहीत लिहा. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, पुढे तज्ज्ञाला दाखवायला उपयोगी पडतो.

पहाटे सगळेच्या सगळे वर, ऊन चढलं की खाली गेले: ऑक्सिजनची कमतरता. यात कटला आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) आधी वर येतात, आणि मरायला लागले तर मोठे मासे आधी मरतात, छोटे टिकतात. भर दुपारीसुद्धा थोडेच मासे वर, बाकीचे नीट फिरताहेत: त्या थोड्यांच्या कल्ल्यांत काहीतरी बिघाड आहे. मासे अंग घासताहेत, मध्येच चमकून उडी मारताहेत, प्लास्टिकच्या कागदाला कुशी घासून जाताहेत: अंगावर परजीवी आहेत. लहान मोठे सगळे एकदम, त्यांच्यासोबत बेडूक आणि पाणकिडेही मेलेत, जिवंत मासे गिरक्या घेताहेत: विष. रोग कधी एका रात्रीत सगळ्या जाती, सगळे आकार आणि बेडूक मारत नाही. रोजचे दोन, मग चार, मग सहा, अशी चढती मरतूक असेल तर रोगाचा विचार करा.

पाणी मोजा, अंदाज बांधू नका

मत्स्यालयाच्या दुकानात थेंब टाकून रंग बघायची किट मिळतात. सामू (पीएच), अमोनिया आणि नायट्राइट ही तीन घेऊन ठेवा. ऑक्सिजनचं किट मिळालं तर उत्तम. साधा थर्मामीटर हवाच. मोजणी दोनदा करायची, सूर्य उगवायच्या आधी आणि दुपारी तीनच्या सुमाराला. फक्त अकरा वाजता मोजलेलं पाणी जवळजवळ नेहमी चांगलं दिसतं आणि फसवतं.

विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असावा. ३ च्या खाली मासे अडचणीत येतात. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो, १५ अंशांना साधारण १०, तर ३० अंशांना साडेसातच मिलिग्रॅम. म्हणून एप्रिल मे मधली पहाट आणि पावसाळ्यातले ढगाळ आठवडे हे दोन धोक्याचे काळ.

अमोनियाचं गणित जरा नीट समजून घ्या, कारण इथेच लोक चुकतात. किटवर येतो तो एकूण अमोनिया. त्यातला विषारी भाग किती, हे सामू ठरवतो. पाणी २५ अंशांवर असेल तर सामू ७ असताना जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी असतो, ८ असताना पाच टक्क्यांच्या आसपास आणि ९ असताना एक तृतीयांशाहून जास्त. प्लास्टिकच्या तळ्यात शेवाळ दाट असेल तर दुपारी सामू ९ च्या वर सहज जातो. म्हणजे सकाळी निरुपद्रवी वाटलेलं एक मिलिग्रॅम दुपारी कल्ले जाळतं. विषारी अमोनिया ०.०५ मिलिग्रॅमच्या वर गेला की मासा त्रासात आहे असं धरा.

अशा वेळी चुना टाकू नका. "पाणी खराब झालं की चुना" हे मातीच्या, आम्लधर्मी तळ्याचं ज्ञान आहे. सामू आधीच ९ असलेल्या प्लास्टिकच्या तळ्यात चुना टाकणं म्हणजे अमोनियाला धार लावणं. इथे करायचं ते एवढंच: खाद्य बंद, शेणखत टाकत असाल तर तेही बंद, तळातलं गढूळ पाणी बागेला सोडा आणि विहिरीचं ताजं पाणी भरा. द्राक्षाला ते पाणी खतासारखंच लागतं, वाया जात नाही.

नायट्राइट जास्त झालं की रक्त तपकिरी होतं, कल्ले चॉकलेटी दिसतात आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. अख्ख्या तळ्यात मीठ टाकायला अर्थ आहे असा हा एकच प्रसंग. १ मिलिग्रॅम नायट्राइटला १० मिलिग्रॅम क्लोराइड पुरतं, आणि ते भागवायला मीठ फार लागत नाही. हिशोब खाली दिलाय.

किट नसेल तर निदान हात घाला. कोपरापर्यंत हात बुडवला आणि तळवा दिसायचा बंद झाला, तर पाणी फार दाट झालंय. वास घ्या. कुजकट, सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे तळाशी गाळ सडतोय.

ऑक्सिजन कमी असेल तर आत्ताच्या आत्ता

एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळायचं यंत्र, असेल तर चालू करा. नसेल, किंवा असून रात्रीची लाइट नसेल, तर डिझेलचं इंजिन किंवा ट्रॅक्टरवरचा पंप लावा, तळ्याचंच पाणी उचला आणि उंचावरून फवारा उडेल असं परत तळ्यात पाडा. पाइपच्या तोंडाशी भोकं पाडलेला डबा किंवा आडवी फळी बांधली की पाणी फुटून पडतं, हवा जास्त धरतं. विहिरीचं पाणी थेट सोडत असाल तर तेही असंच फोडून सोडा. खोल विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन बऱ्याचदा नावालाच असतो.

दुकानात ऑक्सिजनच्या गोळ्या मिळतात. तासाभराची सोय म्हणून ठीक, पण त्याच्या भरवशावर पंप बंद करू नका. ऊन चांगलं चढेपर्यंत पाणी हलतं ठेवा, आणि पुढच्या तीनचार पहाटे उठा. एका रात्री ऑक्सिजन गेला तो दुसऱ्या रात्रीही जातो.

बागेतून काय आलं?

द्राक्षपट्ट्यातल्या तळ्याचा हा खास आजार. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीला लावतो ते हायड्रोजन सायनामाइड, पावसाळ्यातला बोर्डो, वर्षभराची कीटकनाशकं, यातलं बरंच काही माशाला घातक आहे. ते तळ्यात येतं कसं? ब्लोअरची टाकी तळ्यातून भरताना पाइप टाकीत बुडलेला असतो आणि पंप बंद होताच औषध उलटं तळ्यात येतं. ड्रम तळ्याकाठी विसळले जातात. वाऱ्याने फवारा उडतो. किंवा पहिल्याच मोठ्या पावसात बागेतलं पाणी बांध ओलांडून आत येतं.

विषाची शंका आली तर त्यावर उतारा टाकायचा नसतो. पाणी बदला, जितकं जमेल तितकं. आणि काहीही करण्याआधी एका स्वच्छ काचेच्या बाटलीत लिटरभर पाणी काठोकाठ भरून थंड जागी ठेवा. पाणी बदलल्यावर पुरावा उरत नाही. विषाने मेलेले मासे खाऊ नका, विकू नका, कुत्र्याला घालू नका.

मासा हातात घेऊन बघणे

पाणी ठीक निघालं, विषाची शंका नाही, तरी मासे मरताहेत किंवा घासताहेत. आता मासा पकडायचा. मेलेला नको. मेल्यावर लवकरच कल्ले फिके पडतात, पुढे अंगावर बुरशी चढते आणि सगळंच रोगट दिसतं. मरायला टेकलेला पण जिवंत मासा घ्या, आणि तुलनेला एक निरोगीही.

हात ओले करा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचा कोट असतो. ओल्या फडक्यात धरा, डोळे झाकले की तो शांत होतो. पाण्याबाहेर अर्धा मिनिट, फार तर एक मिनिट. दीडदोन किलोचा कटला ऐकत नाही, त्याच्यासाठी लवंगेचं तेल वापरा. १० लिटर पाण्याला ८ ते १० थेंब. तेल पाण्यात मिसळत नाही म्हणून आधी बाटलीत थोड्या कोमट पाण्यात जोरात हलवून दुधाळ करायचं, मग टबात ओतायचं. मासा कलंडला आणि कल्ले संथ चालू राहिले की काम उरका आणि स्वच्छ पाण्यात सोडा. कल्ले थांबले तर लगेच बाहेर.

कल्ल्यांचं झाकण उचलून रंग बघा. लालभडक म्हणजे ठीक. फिकट म्हणजे रक्त कमी, बहुधा परजीवी. राखाडी शेंबूड साठलेला म्हणजे परजीवी किंवा खराब पाणी. मध्येमध्ये कुजल्यासारखे पांढरे तुकडे म्हणजे जिवाणू किंवा बुरशी. मग पोट, पर, शेपूट, डोळे.

जवळच्या शाळेत किंवा कॉलेजात सूक्ष्मदर्शक असेल तर गोडीत बोलून अर्धा तास मागून घ्या. काचेच्या कव्हरस्लिपने डोक्याकडून शेपटीकडे हलकेच चिकटा खरवडायचा, तळ्याच्याच पाण्याच्या थेंबात ठेवून शंभरपट मोठा करून बघायचा. ताटलीसारखे गोल फिरणारे जीव, आकड्याने चिकटलेल्या अळ्या, हे दहा मिनिटांत दिसतं, आणि पुढचा सगळा अंदाजपंचे खर्च वाचतो.

अंगावर जे दिसतं त्याचा अर्थ

आपल्याकडे सगळ्यात जास्त भेटते ती माशाची ऊ, म्हणजे आर्ग्युलस. रोहूवर तिचा विशेष लोभ. पाच ते दहा मिलिमीटरची, चपटी, पारदर्शक, सरकणारी चकती, नीट बघितलं की दोन काळे ठिपके दिसतात. परांच्या बुडाशी शोधा. चावते तिथे लाल ठिपका पडतो, त्यातून पुढे जखम. ती अंडी माशावर घालत नाही, टणक पृष्ठभागावर घालते. आपल्या तळ्यात ते म्हणजे कागद, दोर, पाइप. हाच तिचा कच्चा दुवा. बांबूचे तुकडे, लाकडी फळ्या किंवा जुने तट्टे दोराला बांधून पाण्यात सोडा, आठवड्याने बाहेर काढून कडक उन्हात वाळवा, पुन्हा सोडा. असं दोन महिने चिकाटीने केलं की संख्या खरोखर उतरते. हातात आलेल्या माशावरच्या उवा चिमट्याने काढा. तळं दाट असेल तर विकण्याजोगे मासे काढून गर्दी कमी करा. आणि मे महिन्यात पाणी संपून तळं कोरडं पडतंच, तेव्हा घाईने भरू नका. चार आठवडे ऊन खाऊ दिलं की अंडी करपतात.

उवांवर कीटकनाशक वापरायचा सल्ला सर्रास दिला जातो. डेल्टामेथ्रिनने ऊ मरते हे खरं, पण मात्रा थोडी चुकली की मासाही मरतो, आणि तेच पाणी ठिबकमधून द्राक्षाला जातं. निर्यातीच्या मालाचा अंश तपासला जातो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मत्स्य तज्ज्ञाने तळं बघून लिहून दिल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंगातून दोऱ्याचा तुकडा बाहेर लोंबतोय आणि बुडाशी लाल सूज असेल तर ती लर्निया, नांगरकृमी. चिमट्याने अगदी बुडाशी धरून हळू ओढायची. तुटली तर डोकं आत राहतं. मग जागेवर पोव्हिडोन आयोडिन.

खोल लाल व्रण, मांस दिसेल असे, आणि ते पावसाळा संपताना ते थंडीच्या काळात: व्रणरोग. मूळ कारण अ‍ॅफानोमायसिस नावाची बुरशीसारखी जात, भारतात हा रोग १९८८ पासून आहे. ओळखायची एक खूण: मृगळ आणि मरळ यांना तो झपाट्याने धरतो, सायप्रिनस आणि तिलापिया बहुतेक सुटतात. तुमच्या तळ्यात मृगळावर व्रण आणि शेजारचा सायप्रिनस चकचकीत असेल तर संशय पक्का करा. यावर भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने सिफॅक्स हे द्रावण काढलं, मात्रा हेक्टर-मीटरला (एक हेक्टरभर पसरलेलं एक मीटर खोल पाणी) १ लिटर. वेळेत दिलं तर व्रण आठवडाभरात भरायला लागतात.

कापसासारखी पांढरी बुरशी ही बहुतेक वेळा पाहुणी असते. आधी जखम, मग बुरशी. जखम कशाने झाली ते शोधा.

पोट फुगलं, खवले अननसासारखे उभे राहिले, डोळे बाहेर आले: जलोदर. हे बहुतेक वेळा आतल्या अवयवांचं जिवाणूंनी केलेलं नुकसान असतं. इतकं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, मोठ्या माशाचे वाचायचे आकडे वाईट. तो मासा बाहेर काढा, बाकीचे जपा. पर झिजणे हे जवळजवळ नेहमी गर्दीचं आणि खराब पाण्याचं लक्षण. मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके थंडीत बोटुकल्यांवर दिसतात. त्यावरचं औषध परजीवी पाण्यात मोकळा पोहत असतानाच लागू पडतं, माशाच्या कातडीखाली असताना नाही. २५ अंशांना त्याचं चक्र साधारण आठवड्यात फिरतं, गार पाण्यात लांबतं. म्हणून ठिपके गेले तरी उपचार लगेच थांबवायचा नाही.

दवाखान्याची टाकी

पाचशे लिटरची काळी टाकी, फवारणीचं औषध आयुष्यात कधीही न ठेवलेली. हे दोनदा वाचा. जस्ती पत्र्याची नको, मिठाने त्यातलं जस्त सुटतं. सावलीत ठेवा, तळ्याचंच पाणी भरा (ते विषारी नसेल तर), एक छोटा एअर पंप लावा, वर जाळी बांधा, मासा उडी मारतो. शंभर लिटरला एक किलो मासा, त्यापेक्षा जास्त नाही. नाशिक शहरात बंगल्यातल्या हौदात कोई जातीचे शोभेचे मासे पाळणाऱ्यांनी नळाचं पाणी थेट वापरू नये. क्लोरिनने कल्ले जातात. एक दिवस हवा मारून ठेवा किंवा मत्स्यालयाच्या दुकानातला क्लोरिन काढणारा हायपो वापरा.

टाकीतलं मुख्य औषध म्हणजे खडे मीठ. लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे ५०० लिटरला दीड किलो. एकदम नाही, तीन हप्त्यांत, दिवसभरात. सात ते दहा दिवस. मिठाने माशाची अंगातले क्षार टिकवायची धडपड कमी होते, चिकटा वाढतो, बरेच सूक्ष्म परजीवी गळतात. रोज चौथा हिस्सा पाणी बदला आणि बदललेल्या पाण्यातलं मीठ भरून काढा. तापमानात दोन अंशांपेक्षा फरक नको. टाकीतलं खारं पाणी वेलीच्या बुडाशी ओतू नका.

परजीवी फार असतील तर आधी तीव्र मिठाची डुबी: लिटरला ३० ग्रॅम, मोठ्या माशाला २ ते ५ मिनिटं. डोळे घड्याळावर नाही, माशावर ठेवा. कलंडला की त्या क्षणी बाहेर, मग एकच मिनिट झालं असलं तरी. बोटुकल्यांना निम्मी मात्रा.

जखमी मासा

नांदूरमध्यमेश्वरचं पाणपक्ष्यांचं अभयारण्य महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं, याचा आपल्याला अभिमान आहेच. तिथले पाणकावळे मात्र जेवायला आपल्या तळ्यावर येतात. पाणकावळ्याच्या चोचीतून सुटलेल्या माशाच्या दोन्ही कुशींवर समोरासमोर ओरखडे असतात. बगळ्याचा घाव पाठीवर, भोसकल्यासारखं एक भोक. जाळं ओढताना झालेली इजा म्हणजे खवल्यांचा सलग पट्टा गेलेला. उडी मारून कागदाच्या उतारावर आपटलेल्याचं नाक सोललेलं.

लवंगेच्या पाण्यात गुंगवा, ओल्या फडक्यावर ठेवा. सुटे, अर्धवट लोंबणारे खवले चिमट्याने काढा. जखम कापसाने टिपून कोरडी करा, पोव्हिडोन आयोडिन कापसाने लावा, अर्धा मिनिट थांबा, मग मिठाच्या टाकीत सोडा. कल्ल्यांवर आणि डोळ्यात थेंब जाऊ देऊ नका, डोकं वरच्या बाजूला धरलं की ओघळ मागे जातो. हे एक दिवसाआड तीनदा पुरे. रोज रोज पकडून औषध लावणं माशाला जखमेपेक्षा जास्त भोवतं. कडेने पांढरट गुलाबी कातडी आत सरकताना दिसली की जखम भरतेय. कडा लाल आणि मऊ होत असतील तर ती चिघळतेय.

तळ्यावर आडव्या नायलॉनच्या दोऱ्या हाताहातावर बांधल्या की पाणकावळ्याला उतरता येत नाही. पक्ष्यांना इजा करू नका, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे.

तळ्यालाच औषध द्यायचं असेल तर आधी लिटर काढा

तळ्याच्या बाजू उतरत्या असतात, म्हणून लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली केलं की आकडा फुगतो आणि औषध जास्त पडतं. आज जिथे पाणी आहे तिथली मापं घ्या. समजा पाण्याचा पृष्ठभाग २८ बाय २८ मीटर, तळ २० बाय २०, खोली ३ मीटर. पृष्ठभाग ७८४ चौरस मीटर, तळ ४००, मधली पातळी २४ बाय २४ म्हणजे ५७६. पृष्ठभाग अधिक तळ अधिक मधल्याची चौपट, भागिले सहा, गुणिले खोली. उत्तर १,७४४ घनमीटर, साधारण साडेसतरा लाख लिटर.

आता यात टाकीसारखं लिटरला ३ ग्रॅम मीठ करायचं म्हटलं तर सव्वापाच टन लागेल, आणि ते पाणी द्राक्षाला दिलं तर बागच जळेल. म्हणून मीठ टाकीत. पण १ मिलिग्रॅम नायट्राइट उतरवायला याच तळ्याला २९ किलो पुरतं, त्याने वेलीला काही होत नाही. सिफॅक्स १७५ मिलिलिटर. पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे विहिरीत टाकतात ते जांभळं औषध, लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे साडेतीन किलो. ते बाहेरच्या जिवाणूंवर आणि कल्ल्यांच्या त्रासावर चालतं. आधी बादलीत पूर्ण विरघळवा, खडे तळाशी गेले तर मासा तोंड लावतो. ऊन असलेल्या सकाळी, पंप चालू ठेवून, तळभर फिरून शिंपडा. पाणी आठदहा तास गुलाबी राहायला हवं. तासाभरातच तपकिरी झालं तर गाळानेच ते खाऊन टाकलं, माशापर्यंत पोचलं नाही. अशा वेळी लगेच दुसरा डोस टाकायचा मोह होतो. आधी गाळ आणि पाणी कमी करा, चार दिवसांनी बघा. दोन औषधं एकत्र कधीच नाही.

अँटिबायोटिक आणि हिरवं औषध

दुकानदार पुडी काढून देतो, "खाद्यात कालवा". आजारी मासा खातच नाही, म्हणजे ती पुडी निरोगी माशांच्या पोटात जाते. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटावर भारतात मत्स्यपालनात बंदी आहे. शोभेच्या माशांसाठी मिळणारं मॅलाकाइट ग्रीन खाण्याच्या माशांना देऊ नये, ते मांसात राहतं. जिवाणूजन्य रोग खरोखर आहे असं प्रयोगशाळेने सांगितलं तरच, त्यांनी सांगितलेलं औषध, तितकेच दिवस, आणि त्यानंतर विक्रीआधी सांगतील तितकं थांबायचं.

ती तपासणी कुठे? सुरुवात नाशिकच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयापासून आणि मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रापासून करा. मोठी शंका असेल तर मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. जाताना मासा जिवंत न्या, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत. ते जमलं नाही तर नुकताच मेलेला, पिशवीत बांधून बर्फावर ठेवलेला. फ्रीजरमध्ये गोठवलेला किंवा दुपारभर उन्हात पडलेला मासा नेऊन उपयोग नाही. सोबत लिटरभर पाणी आणि ती वही.

थंडीचं वेगळं

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा एक आकडी झाला की पेपरात बातमी येते आणि आपण बागेत शेकोट्या पेटवतो. माशांकडे तेव्हा कुणाचं लक्ष नसतं. पाणी हवेइतकं गार होत नाही, पण १५ अंशांच्या खाली रोहू-कटल्याचं पचन जवळजवळ थांबतं. अशा दिवसांत खाद्य बंद, किंवा दुपारी अगदी चिमूटभर. जाळं ओढू नका, या काळातली खरवड भरत नाही आणि तिथेच बुरशी बसते. पहाटे विहिरीचं पाणी बागेला देत असाल तर एक तास तळ्यातही सोडा, हिवाळ्यात ते तळ्यापेक्षा कोमट असतं. विक्रीसाठी मोठं जाळं ओढायचं काम दिवाळीआधी उरका, नाहीतर फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबा.

न वाचणारा मासा

तीन दिवस उलटा तरंगतोय, खवले उभे, कल्ले कुजलेले. त्याला काठावर फेकून तडफडत ठेवू नका. १० लिटर पाण्यात ४ मिलिलिटर लवंगेचं तेल, तसंच हलवून मिसळून. कल्ले थांबल्यावरही दहा मिनिटं आत राहू द्या. हा मासा खायचा नाही. तळ्यापासून आणि विहिरीपासून लांब, हातभर खोल खड्डा, वर चुना, मग माती. हातजाळी, बादल्या, चिमटे परमँगनेटच्या गडद पाण्यात बुडवा आणि उन्हात वाळवा. हातजाळी शेजाऱ्याने मागितली तर वाळल्यावरच द्या.